दाद

औषध मुरवलेली ती कागदाची चकती बाहीच्या बटणापेक्षाही लहान होती, आणि जंतू तिला अगदी खेटून वाढले होते. राखट, चिकट, निवांत. तिने प्लेट खिडकीच्या उजेडाकडे तिरकी धरली. औषध लागू पडत असतं तर चकतीभोवती स्वच्छ रिकामं वर्तुळ दिसलं असतं, पट्टी लावून तिने त्याचा व्यास मोजला असता, तक्त्यात आकडा टाकला असता – गेली सव्वीस वर्षं रोज सकाळी ती हेच करत आली होती – पण इथे मोजण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या चकतीभोवती नाही, तिसऱ्याही नाही. बारांपैकी दहा औषधांना या जंतूंनी दाद दिली नव्हती. उरलेली दोन शिरेतून द्यायची, इस्पितळात आडवं पडून.

ती हसली. मोठ्याने नव्हे, मास्कच्या आत ओठ जरा ताणले गेले एवढंच. शेजारच्या टेबलावर स्लाइडी रंगवणाऱ्या मुलीला कळलंही नाही.

प्लेट दादाची होती.

परवा लघवीचा नमुना आला तेव्हा फॉर्मवरचं नाव वाचायच्या आधीच तिने वहिनीचं अक्षर ओळखलं होतं – सगळ्या वेलांट्या मागे कलंडलेल्या, प्रत्येक शब्द बिचकून एक पाऊल मागे सरकल्यासारखा. पुरुष, वय त्रेसष्ट, थंडी वाजून ताप. आणि ‘यापूर्वी घेतलेली प्रतिजैविके’ या रकान्यात, जिथे लोक हटकून रेघ ओढून मोकळे होतात, तिथे वहिनीने मुकाट्याने लिहिलं होतं : सहा महिन्यांत तीन वेळा. हे चार शब्द तिने दोन दिवस खडीसाखरेसारखे तोंडात घोळवले होते. कारण दादा म्हणजे पोलादी सर. शाळेत तीस वर्षं कवायत शिकवली, निवृत्त झाला आणि मग स्वतःचं शरीरच व्याख्यानाला घेऊन हिंडू लागला. थंड पाण्याची अंघोळ, अनवाणी चालणं, उपवास, आणि प्रत्येक भाषणात एकदा तरी, छातीवर पंजा थापून : “या शरीरात अकरा वर्षं एकही गोळी गेलेली नाही.” माणसं टाळ्या वाजवायची. मोबाइलवर त्याचे तुकडे फिरायचे. तिच्याच लॅबमधला झाडूवाला तिला ते दाखवून म्हणायचा, ताई, तुमचे बंधू म्हणजे... आणि ती म्हणायची, हो ना.

नाकाने कांदे सोलणारा माणूस. आणि सालं मात्र गुपचूप वहिनीने उचलायची.

तिला दोन्ही जातींची माणसं ओळखीची होती, आणि दोघांबद्दलही तिच्या मनात सारखीच, कुठेही सांडू न देता भरून ठेवलेली तुच्छता होती. एक जात जंतू म्हटलं की अंगावर पाल पडल्यासारखी किंचाळणारी – दाराची कडी पुसणारी, नोटा पुसणारी, भाजी साबणाने धुणारी, शिंक आली की औषधवाल्याकडून परस्पर पाच दिवसांच्या गोळ्या आणून दोन दिवस खाणारी. दुसरी जात, ‘आमच्या वेळी नव्हते हो हे जंतू’ म्हणणारी. होते. तुमच्या वेळी मेलेली भावंडं मोजा. पण मोजतंय कोण... मोजते ती मी, पट्टीने, मिलिमीटरमध्ये, आणि मला कुणी व्याख्यानाला बोलावत नाही.

दहा वाजता मॅडमनी, म्हणजे लॅबच्या मुख्य डॉक्टरणींनी, प्लेट पाहिली, भुवया वर केल्या आणि रिपोर्टची वाट न पाहता पेशंटच्या डॉक्टरांना फोन लावला. “आजच दाखल करा म्हणावं. रक्तात उतरायला वेळ लागत नाही.” पेशंट कोण हे तिने मॅडमना सांगितलं नाही. अर्ध्या तासात तिचा स्वतःचा फोन वाजला.

“वन्सं, मी बोलतेय.” वहिनी फोनवर नेहमी शेजारच्या खोलीत कुणी झोपलं असल्यासारखी बोलायची. “डॉक्टर म्हणतात आजच भरती करा. हे ऐकत नाहीत. पाचला वाचनालयात कार्यक्रम आहे, तो झाल्यावर बघू म्हणतात.”

“ताप किती आहे?”

“पहाटे एकशे तीन होता. गोळी दिली, उतरलाय आता. वन्सं, नमुना तुमच्याकडे दिला ते त्यांना माहीत नाही हं. तुम्ही याल का तिथे? तुमचं ऐकतील. तिथूनच घेऊन जाऊ.”

“माझं कधी ऐकलंय त्याने?”

“या तरी,” वहिनी म्हणाली.

तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बसमध्ये तिने मनातल्या मनात वाक्यं जुळवली. दादा, बारांपैकी दहा. नको – दादा, अकरा वर्षांचं सोड, सहा महिन्यांचं बोल. हे बरं होतं. हे दोन-तीनदा म्हणून पाहावं असं होतं. शेजारच्या सीटवरच्या बाईने पर्समधून छोटी बाटली काढून हाताला जेल चोळलं, मग बसचा दांडा धरला, मग परत जेल चोळलं. बाई गं, आतड्यात पावशेर जंतू घेऊन बसली आहेस, त्यांच्या जिवावर जेवण पचतंय तुझं, आणि दांड्याशी वैर!

वाचनालयाच्या फाटकावर फलक होता : ‘रोगप्रतिकारशक्ती – निसर्ग की विज्ञान?’ पाय की चप्पल असं विचारण्यासारखं. पण खुर्च्या भरत होत्या. साडेचारच झाले होते. दादा व्हरांड्यात तीन भक्तांच्या घोळक्यात उभा होता, पांढरा सदरा, ताठ पाठ. एक हात खांबावर. तो टेकलाय हे फक्त तिला कळलं. आणि वहिनीला, जी दोन पावलं मागे त्याची पाण्याची बाटली धरून उभी होती.

“धाकटे, तू?” तो हसला. “आज सूर्य कुणीकडे उगवला?”

त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. कुडत्याच्या कापडातूनही तो हात चटका बसावा इतका गरम लागला.

“तुझं अंग तापलंय.”

“ऊन आहे बाहेर.”

वहिनीने तिच्याकडे पाहिलं. आत्ता. हे वहिनीला तोंडाने म्हणावं लागलं नाही. बोलायला तिच्याकडे सगळं तयार होतं, प्लेट, आकडे, मॅडमचं वाक्य. दादाला बाजूला घेऊन दोन मिनिटांत सांगता आलं असतं. चार माणसांसमोर कशाला, असं तिच्या मनात आलं. पेशंटची गोष्ट अशी उघड्यावर बोलत नाहीत. शिवाय तो ऐकणार नाहीच, उगाच तमाशा करील. तासाभराचा तर प्रश्न. कारणं एकापाठोपाठ एक येत गेली, सगळी शहाणी, सगळी इस्त्री केलेली...

“आत बसते मी,” ती म्हणाली.

तिसऱ्या रांगेत जागा मिळाली. वहिनी येऊन शेजारी बसली.

पहिला बोलला फेसाळ. हे तिने ठेवलेलं नाव. फलकावर तो ‘आरोग्य सल्लागार’ होता, साबणाच्या कंपनीचा. त्याने पडद्यावर दोन प्लेटींचे फोटो टाकले – न धुतलेला हात, पाची बोटांचे ठसे जंतूंनी फुललेले, आणि कंपनीच्या जंतुनाशक साबणाने धुतलेला हात, दोन-चार ठिपके. सभागृहातून ‘ई’ असा आवाज आला. त्या प्लेटी तिला पाठ होत्या. सहा वर्षांपूर्वी तिनेच बनवल्या होत्या, लॅबच्या वेळेनंतर, त्याच्या सांगण्यावरून. दोन नव्हे, तीन. मधली प्लेट साध्या साबणाची होती, आणि ती तिसरीची जुळी बहीण शोभली असती. “ही मधली नको,” फेसाळ तेव्हा म्हणाला होता, “लोकांचा गोंधळ होतो.” तिने ती निर्जंतुकीकरणाच्या पिशवीत टाकली होती. तो खोटं बोलत नव्हता. दोन्ही फोटो खरे होते. माणसाने खोटं न बोलता किती लांब जावं याचा तो एक नमुनाच होता... आणि पिशवीचं तोंड बांधणारी? ते जाऊ दे.

एक तरुण बाई उभी राहिली. तिच्या मुलाच्या बालवाडीत दिवसातून आठ वेळा हाताला जेल लावतात, चार वर्षांचा आहे, बोटांच्या पेरांना भेगा पडल्यात, रक्त येतं. काय करावं?

“फार चांगला प्रश्न,” फेसाळ म्हणाला. “आमचं कोरफडयुक्तही येतं.”

लोक हसले. बाई हसली नाही, बसली. गाढवाला गुळाची चव काय म्हणावं तर इथे गूळ विकणाऱ्यालाही नव्हती.

मग दादा उठला. टेबलाची कड धरून उठला, माईक घेतला, आणि आवाज मात्र तोच, मैदानाच्या त्या टोकाला पोचणारा. लहानपणी त्या आवाजाचा तिला केवढा अभिमान होता. तो मातीबद्दल बोलला, मुलांना पडू द्या, खेळू द्या, भिजू द्या. यात खोटं काही नव्हतं आणि म्हणूनच तिला जास्त राग येत होता. दुधात मिठाचा खडा टाकणाऱ्याने निदान दूध तरी पातळ द्यावं. फेसाळकडे न पाहता तो म्हणाला, “भीती विकणाऱ्यांना निरोगी माणूस परवडत नाही.” टाळ्या. मग आई आली. ती येणार हे तिला माहीत होतं, आई प्रत्येक भाषणात यायची.

“माझी आई इंजेक्शनने गेली. मी एकोणीस वर्षांचा होतो. दवाखान्याच्या बाकावर, माझ्या मांडीवर, एका तासात. डॉक्टरांनी विचारलंही नाही, आधी कधी हे औषध घेतलंय का.”

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला बाक आठवत नव्हता, कारण ती घरी होती. तिला आठवत होते त्याआधीचे आठ दिवस, तापाने बरळणारी आई आणि ‘उतरेल आपोआप’ म्हणणारे बाबा. ते आठ दिवस दादाच्या भाषणात कधी नसायचे. त्याच्या गोष्टीत आई सुईने मरायची आणि तिच्या गोष्टीत उशिराने. एवढ्या वर्षांत दोघं यावर एकदाही बोलली नव्हती. त्याने कवायतीचं शिक्षण घेतलं, तिने जंतूंचं. त्याला श्रोते मिळाले.

“आणि म्हणून सांगतो,” दादाचा पंजा छातीवर गेला. ती खुर्चीत किंचित पुढे सरकली. ये. “या शरीरात अकरा वर्षं एकही गोळी गेलेली नाही.”

वहिनी मांडीवरच्या पर्सचा चाप उघडत होती, मिटत होती. टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि त्या आवाजात तिला कसलंतरी दाट, गोड समाधान झालं. आपण याचसाठी बसलो होतो – हे तिला कळलं, पण कळूनही ते समाधान थोडासुद्धा कमी झालं नाही. बोल. अजून एकदा बोल. तुझी प्लेट माझ्याकडे आहे.

प्रश्न सुरू झाले. मागून एक माणूस उभा राहिला, प्रश्न विचारायला नव्हे, आभार मानायला. “सर, तुमचं ऐकून मी आईच्या गोळ्या बंद केल्या. साखरेच्या, जंतूंच्या, सगळ्याच. तीन आठवडे झाले. पायाला जखम आहे तिच्या, ती जरा काळपट झालीय, वास येतो, पण आई म्हणते, सरांनी सांगितलंय ना. भरेल ना सर?”

दादा बोलला नाही. तिने मोजलं, सवयच ती. सात सेकंद. त्याच्या कपाळावर घाम होता आणि खालचा ओठ थरथरत होता. मग तो म्हणाला, “शरीराला वेळ द्या,” आणि आवाज पहिल्यांदाच समोरच्या रांगेपलीकडे गेला नाही. माणूस हात जोडून खाली बसला. मूर्ख, तिच्या मनात आलं. साखर, काळी पडलेली जखम, तीन आठवडे, आणि विचारतो कुणाला, तर पी. टी. मास्तरला. अशांना काय सांगायचं, पालथ्या घड्यावर पाणी. तिची नजर परत दादाकडे गेली, कारण आता त्याचं अंग हुडहुडत होतं. माईक टेबलावर ठेवताना तो खडखड वाजला, आणि सगळ्या सभागृहाला तो आवाज ऐकू आला. अध्यक्षांनी घाईघाईने आभार मानले.

रंगमंचामागच्या खोलीत तो खुर्चीत सदऱ्याची कॉलर गळ्याशी आवळून बसला होता. भक्त पंखा बंद करत होते.

“दादा, इस्पितळात जायचंय. टॅक्सी बोलावलीय.”

“उद्या सकाळी...”

“तुझी प्लेट मी वाचलीय.”

बसमध्ये जुळवलेली वाक्यं आठवली नाहीत असं नाही. पण त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वहिनीकडे, आणि लहान मुलासारखा उठून उभा राहिला. वाद नाही, काही नाही. तिची अगदी निराशा झाली.

टॅक्सीत वहिनी पुढे बसली. मागे दादाचे दात वाजत होते. तिने आपली ओढणी त्याच्या अंगावर टाकली. ओढणी बारीकशी, तिने काय ऊब येणार.

तातडीच्या विभागात पडदा ओढून एका तरुण डॉक्टरने विचारलं, “काका, याआधी कुठली औषधं घेतलीत?” ती थांबली. आता तो ‘काही नाही’ म्हणेल, मग आपण सांगायचं, एक एक करून. पण दादाने डोळे मिटले आणि धडा म्हणून दाखवावा तसं सांगितलं – तिन्ही औषधांची नावं, किती मिलिग्रॅमची, कुठल्या महिन्यात, किती दिवसांची लिहून दिली होती आणि किती दिवस घेतली. पाचांपैकी तीन. सातांपैकी तीन. सातांपैकी दोन. एक अक्षर चुकलं नाही.

“मध्येच का बंद केलीत?”

“बरं वाटलं.”

डॉक्टरने मान हलवून लिहून घेतलं आणि तो गेला. वहिनी दाखल करण्याचे कागद भरायला खिडकीशी गेली. सलाइनच्या बाटलीत बुडबुडे चढत होते. दादा छताकडे पाहत म्हणाला, “बरं वाटलं हे खरं नाही. जेवढ्या गोळ्या कमी, तेवढं खोटं कमी, असं वाटायचं. दोनच घेतल्या म्हणजे घेतल्याच नाहीत.”

यावर तिच्यापाशी उत्तर होतं. सव्वीस वर्षांचं होतं. अर्धवट मारलेले जंतू काय शिकतात आणि कुणाला शिकवतात, हे ती झोपेतही सांगू शकली असती. तिने त्याच्या हातावरची सुईची पट्टी नीट चिकटवली.

“तुला कधी कळलं?” त्याने विचारलं.

“सकाळी. दहाच्या आधी.”

“मग व्हरांड्यात बोलली नाहीस?”

तिने सलाइनची नळी उगाच सरळ केली.

“बरं झालं,” तो म्हणाला. “तुला माहीत असूनही तू मला बोलू दिलंस. तिसऱ्या रांगेत बसलीस. आजवर कधी आली नव्हतीस गं.” त्याने मान तिच्याकडे वळवली, तापाने डोळे चकाकत होते, आणि त्यात – तिला ते बघवलं नाही – कृतज्ञता होती. “कसं झालं भाषण?”

“चांगलं झालं,” ती म्हणाली.

त्याने डोळे मिटले. झोपला असं वाटून तिने ओढणी वर ओढली तेव्हा तो एकदम म्हणाला, “तो माणूस. आईच्या पायाला जखम आहे म्हणाला तो.”

“हं.”

“त्याला गाठलंस ना? गोळ्या चालू कर म्हणून सांगितलंस? माझ्या तोंडून निघेना, इतकी माणसं बघत होती. पण म्हटलं, धाकटी समोर बसलीय. ती सोडणार नाही, बाहेर जाऊन पकडील त्याला.”

पडद्यापलीकडे कुणीतरी चाकाची गाडी ढकलत नेली. दादा वाट पाहत होता.

“बघते मी,” ती म्हणाली.

“नाव विचारलंस का?”

“वाचनालयात असेल. वहीत.”

वही नव्हती. कार्यक्रम सगळ्यांना खुला होता, येऊन बसायचं आणि उठून जायचं. ती बाहेर येऊन बाकावर बसली आणि आठवू लागली. आवाज आठवत होता. शब्द न् शब्द आठवत होता, काळपट, वास येतो, तीन आठवडे. दादा किती सेकंद गप्प होता तेही. मागे वळून तिने त्याच्याकडे पाहिलं होतं – नक्की पाहिलं होतं, कारण ‘मूर्ख’ हा शब्द मनात आला तेव्हा समोर कुणीतरी होतं. चष्मा होता का? म्हातारा की तरुण? आभार मानताना हात जोडलेले आठवत होते, आणि हातांच्या वर, जिथे चेहरा असायला हवा तिथे, मघाचं तिचंच ते गोड दाट समाधान पसरलेलं होतं, कडेपर्यंत, कुठेही जागा न ठेवता.

वाचनालयाचा नंबर तिने लावला. वाजत राहिला. अशा माणसांना सांगून तरी काय उपयोग, हे वाक्य सवयीने वर आलं, ओळखीचं, तयार, वर्षानुवर्षं वापरलेलं; तिने ते पुरं होऊ दिलं नाही. पण त्याच्या जागी काय म्हणायचं तेही तिला सुचेना. तिने फोन कानाला तसाच धरून ठेवला.